पाडव्याला मंजूर, दसऱ्याला नामंजूर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका फिनटेक कंपनीत चार वर्षं प्रॉडक्ट मॅनेजर असलेल्या एकाला कर्जमंजुरीसारखे निर्णय घेणाऱ्या प्रणाली बांधण्यातच पुढचं करिअर करायचं आहे. त्यांनी विचारलंय की अशी प्रणाली विश्वासार्ह कशी करायची, आणि या वाटेनं वर जायचं तर शिकायचं काय: मॉडेलिंग, कायदा, की सरळ एमबीए?

मी या धंद्यात 17 वर्षं आहे. पहिली तीन वसुलीच्या फोनवर गेली, नंतर क्रेडिटमध्ये फाइली बघितल्या, मग प्रॉडक्टमध्ये आले आणि आता एका कर्ज देणाऱ्या कंपनीत निर्णयप्रणालीचा विभाग सांभाळते. ‘विश्वासार्ह’ हा शब्द मी स्लाइडवर इतक्या वेळा लिहिलाय की आता तो वाचला की आधी संशयच येतो. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून एक प्रसंग सांगते. मला जे काही कळलं त्यातलं निम्मं त्या एका दिवशी कळलं.

तेव्हा मी दुचाकीला कर्ज देणाऱ्या कंपनीत होते. आधीची पद्धत अशी की अर्ज आला की आमचा माणूस घरी जायचा, पासबुक बघायचा, शेजारी चौकशी करायचा, आणि चार दिवसांनी फाइल पास व्हायची. आम्ही ते सगळं शोरूममधल्या एका टॅबलेटवर आणलं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली त्याचा रिपोर्ट) आणि त्यांवरून निघणारा आमचा स्कोअर. गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत उत्तर हजर. थकबाकी कमी झाली, डीलर खूश झाले, आम्हाला वर्षाअखेरीला पाठीवर थाप मिळाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी कराडच्या एका शोरूममध्ये होते, टॅबलेट अडकतोय अशी तक्रार होती म्हणून. तिथं एका शेतकऱ्याचा अर्ज माझ्यादेखत नामंजूर झाला. डीलर शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुमच्या कंप्युटरला पाडवा आवडतो, दसरा नाही आवडत.” मला वाटलं चेष्टा करतोय. तर त्यानं सांगितलं, की याच माणसाच्या सख्ख्या भावाला पाडव्याला गाडी दिली होती. घर एक, रान एक, ऊसही एकच.

कारण शोधायला दोन दिवस लागले आणि सापडल्यावर लाज वाटली. कारखान्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. उसाचं बिल त्याच काळात येतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. प्रत्यक्षात ते किती हप्त्यांत आणि कधी येतात हे कारखान्यागणिक बदलतं. गुढीपाडव्याला अर्ज केला तर मागच्या सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये बिल दिसतं. दसऱ्याला केला तर एप्रिल ते सप्टेंबर दिसतं, म्हणजे खर्चाचे महिने: बियाणं, खत, शाळेच्या फिया, आणि खात्यात खडखडाट. या अर्जदाराच्या बाबतीत वर आणखी एक मेख. बिल जमा होतं जिल्हा बँकेत, विकास सोसायटीचं पीककर्ज त्यातून आधी कापून घेतलं जातं, आणि मोबाइलवरून सहज डाउनलोड होतं ते स्टेटमेंट दुसऱ्याच बँकेचं. आमच्या मॉडेलला, म्हणजे स्कोअर काढणाऱ्या प्रोग्रामला, त्या माणसाची कमाई कधी दिसलीच नव्हती. जुन्या पद्धतीत घरी जाणारा आमचा माणूस पहिला प्रश्न विचारायचा, “ऊस कुठल्या कारखान्याला जातो?” त्याला हटवताना त्याचा प्रश्नही आम्ही हटवला होता.

आता खरा मुद्दा. ही चूक आमच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हती, आणि असूही शकली नसती. चुकीच्या माणसाला कर्ज दिलं की तो हप्ता थकवतो, नाव लाल रंगात येतं, वसुलीची टीम ओरडते. योग्य माणसाला नाकारलं की काहीच होत नाही. तो उठतो, दुसऱ्या दारात जातो, सोनं गहाण ठेवतो किंवा गाडीचा विषय सोडून देतो. बुडालेलं कर्ज नावानिशी दिसतं आणि न दिलेल्या कर्जाला नावच नसतं. त्यावर कडी म्हणजे पुढचं मॉडेल आपण मंजूर झालेल्यांच्याच आकडेवारीवर शिकवतो. दसऱ्याला आलेला ऊसवाला त्या आकडेवारीत नसतोच, म्हणून पुढचं मॉडेल त्याच्याबद्दल आणखी अडाणी आणि आणखी ठाम. अचूकतेचा आकडा मात्र दरवर्षी सुधारत जातो.

तुम्ही या क्षेत्रात काय करायचं असं मला एका वाक्यात विचारलंत तर माझं उत्तर हे: ज्या बाजूची चूक दिसत नाही ती दिसेल अशी सोय करा. मॉडेल बांधणारे हुशार लोक तुम्हाला भरपूर मिळतील. ही सोय मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नसते, म्हणून ती प्रॉडक्टवाल्याच्या अंगावर येते.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण ते दिसायला सोपं आणि करायला कटकटीचं होतं. स्टेटमेंट बारा महिन्यांचं घेतलं आणि दोन खाती जोडता येतील असं केलं. ही झाली दुरुस्ती. पण दुरुस्ती फक्त ज्या चुकीला मी योगायोगानं अडखळले तिची झाली. न सापडलेल्या चुकांसाठी कट-ऑफच्या (मंजुरीला लागणाऱ्या किमान स्कोअरच्या) लगेच खाली एक अरुंद पट्टा आखला आणि त्यातले थोडे अर्ज चिठ्ठी टाकल्यासारखे, निव्वळ नशिबावर मंजूर करायचे ठरवले. ‘चांगला वाटतोय’ म्हणून कुणी निवडायचं नाही. अधिकाऱ्यानं निवडले तर त्या अधिकाऱ्याची नजर कशी आहे ते कळतं, पट्टा कसा आहे ते कळत नाही.

रिस्क हेडनं, म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका सांभाळणाऱ्या विभागाच्या प्रमुखांनी, पहिल्या बैठकीत उडवून लावलं. त्यांचा एक मुद्दा मात्र बरोबर होता आणि तो तुम्हीही लक्षात ठेवा: फेडू न शकणाऱ्याला कर्ज देणं हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. चेक बाउन्सचे पैसे त्याच्या खात्यातून जातात, सिबिल त्याचं बिघडतं, वसुलीवाला त्याच्या दारात उभा राहतो. म्हणून रक्कम कमी ठेवली, पट्टा अरुंद ठेवला, आणि यातून जे बुडेल ते ‘नुकसान’ म्हणून नंतर दाखवण्याऐवजी ‘शिकण्याचा खर्च’ म्हणून आधीच बजेटात मागून घेतलं. ही शेवटची गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटेल. माझ्या अनुभवात असे प्रयोग मरतात ते इथेच. तिसऱ्या महिन्यात पहिला हप्ता थकतो आणि कुणीतरी विचारतं, ‘हे कुणाच्या डोक्यातून निघालं?’ तेव्हा मेलमध्ये आधीची मंजुरी पडलेली असावी लागते.

निकाल मला हवा होता तसा लागला नाही. पट्ट्यातल्या पगारदारांबाबत आमचा कट-ऑफ बरोबरच होता. शेतीवाल्यांबाबत चुकला होता. म्हणजे मी आणि रिस्क हेड दोघंही निम्मे बरोबर होतो, आणि प्रयोग न करता आम्ही आणखी दोन वर्षं भांडलो असतो.

(एक मोह टाळा. नाकारलेल्यांनी दुसरीकडे कर्ज घेऊन ते फेडलं का, हे नंतर त्यांचं सिबिल काढून बघायची कल्पना कुणीतरी मांडेलच. त्या माणसानं त्यासाठी संमती दिलेली नसते. कायदा विभागाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.)

हे फक्त आपल्या दुचाकींपुरतं आहे असं वाटू नये म्हणून ऑस्ट्रेलियातली रोबोडेट योजना बघा. सरकारी भत्ता घेणाऱ्यांची कर खात्याकडची वार्षिक कमाई घ्यायची, तिला 26 पंधरवड्यांत सारखी वाटायची, आणि लोकांनी कळवलेल्या पंधरवड्याच्या कमाईशी ती जुळली नाही की ‘तुम्ही सरकारचं देणं लागता’ अशी नोटीस. हंगामी काम करणाऱ्याची कमाई सारखी कधीच नसते. पण ते सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर, जुन्या पगारपत्रकांसह. 2016 पासून हे चाललं. 2020 मध्ये सरकारनं सुमारे 4,70,000 नोटिसांचे पैसे परत करायचं जाहीर केलं, आणि 2023 च्या जुलैत चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्यात मशीन लर्निंग वगैरे काही नव्हतं, साधा भागाकार होता. मला ते वाचताना आमचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आठवत होतं. आम्हीही सरासरीच काढत होतो, फक्त सोयीच्या सहा महिन्यांची.

आता नकाराची कारणं कळवण्याबद्दल. बँकांनी कर्ज नाकारताना मुख्य कारणं लेखी कळवावीत, असं रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडमध्ये, म्हणजे ग्राहकांशी कसं वागायचं त्याच्या नियमावलीत, आहे. तो 2003 चा, सुरुवातीला छोट्या कर्जांपुरता, नंतर सगळ्यांना लागू झाला. प्रत्यक्षात एसएमएस काय जातो? ‘अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता आला नाही.’ माझी कसोटी साधी आहे: कारण वाचून माणसाला उद्या सकाळी काही करता येतं का? ‘स्कोअर कमी’ हे कारण नव्हे. ‘तुमच्या नावावर अमुक बँकेचं क्रेडिट कार्ड थकीत दिसतंय’ हे कारण. ते चुकीचं असेल तर तो सिबिलकडे तक्रार करू शकतो. 2017 पासून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आणि रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. हे सगळं आपण कळवलं तरच त्याच्या उपयोगाचं.

मी एकदा आठवडाभर कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून बसले होते. तेव्हा कळलं की ‘ओळख पटली नाही’ या एका कोडखाली येणाऱ्या तक्रारींत बायकांचे आवाज फार जास्त आहेत. कारण उघड होतं, पण ऑफिसात बसून दिसलं नव्हतं. आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे आधी वडिलांचं आणि मग नवऱ्याचं, त्यामुळे लग्न झालं की तीनांतले दोन शब्द बदलतात. काही घरांत पहिलं नावही बदलतात. आमचा नावं जुळवणारा प्रोग्राम दोन शब्द वेगळे दिसले की माणूसच वेगळा समजायचा. मॉडेलमध्ये ‘स्त्री’ हा रकाना नव्हता, आणि आम्ही प्रत्येक ऑडिटमध्ये अभिमानानं तेच सांगत होतो. भेदभाव स्कोअरच्या आधीच, दारात उभा होता. तेव्हापासून मी मॉडेलच्या आकड्यांआधी नेहमी हे मागते: अर्ज सुरू केल्यापासून कोण कुठे गळलं?

उलटा प्रकारही होतो. 2019 मध्ये ॲपलच्या क्रेडिट कार्डावर बायकांना नवऱ्यांपेक्षा कमी मर्यादा मिळते असा गदारोळ झाला. न्यूयॉर्कच्या नियामकानं चौकशी केली, आणि 2021 च्या अहवालात बेकायदा भेदभाव आढळला नाही असं म्हटलं. पण ग्राहकांना नीट समजावून न सांगितल्यानं त्यांचा विश्वास गेला, हेही त्यात नोंदवलं. निर्णय बरोबर असून इभ्रत जाऊ शकते, ती अशी.

‘शेवटचा निर्णय माणूस घेतो’ या वाक्याबद्दलही बोलायला हवं, कारण नियामकापुढे सगळे तेच सांगतात. मी तो माणूस बघितलाय. दिवसाला दोनशे फाइली, स्क्रीनवर आधीच मोठ्ठा लाल शिक्का, आणि शिक्क्याविरुद्ध गेलं तर तीन ओळींचं स्पष्टीकरण टाइप करायचं. शिक्क्याप्रमाणे गेलं तर एक क्लिक. कोण टाइप करेल? आम्ही दोन बदल केले. फाइल आधी दाखवायची, त्याचं मत घ्यायचं, आणि स्कोअर नंतर उघडायचा. आणि स्कोअरशी सहमत होतानाही एक ओळ लिहायची. काम हळू झालं, ऑपरेशन्सवाले माझ्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. पण त्या एका ओळीच्या नोंदींतून मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीसाठी जितकं मिळालं तितकं कुठल्या सल्लागारानं दिलं नसतं. ओव्हरराइड, म्हणजे शिक्क्याविरुद्ध जाणं, हा शिस्तभंग असं समजणाऱ्या कंपन्या आहेत. मी ओव्हरराइडचं रजिस्टर दर सोमवारी सकाळी वाचते, पेपर वाचावा तसं.

दोन गोष्टी भराभर सांगते, कारण त्या कंटाळवाण्या आहेत आणि म्हणूनच राहून जातात. पहिली: दोन वर्षांपूर्वीचा एक निर्णय आज जसाच्या तसा पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे. त्या दिवशीचा सिबिल रिपोर्ट, त्या दिवशीचे नियम, त्या दिवशीचं मॉडेल. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलेल्या एका तक्रारीत आम्हाला ते जमलं नव्हतं. ‘तेव्हा का नाकारलं’ याला आमच्याकडे ‘आज टाकलं तर मंजूर होतंय’ एवढंच उत्तर होतं. दुसरी: मॉडेल ज्यावर शिकतं त्या ‘थकीत’ शब्दाचा अर्थ तपासत राहा. 2020 मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना स्थगिती होती. त्या सहा महिन्यांत कागदावर जवळजवळ कुणीच नव्यानं थकलं नव्हतं. ती आकडेवारी तशीच शिकवलीत तर मॉडेलला वाटेल, साथ आली की लोक जास्त इमानदार होतात.

सध्या सगळे विचारतात म्हणून: चॅटजीपीटीसारख्या भाषा मॉडेलकडून नकाराचं कारण लिहून घेऊ का? खरं कारण तुमच्याकडे कोडच्या रूपात असेल आणि त्याचं फक्त सोपं मराठी करून हवं असेल तर खुशाल घ्या, आणि नमुने वाचून बघा. पण ‘ही फाइल का नाकारली असेल?’ असं विचारलंत तर ते एक सुरेख, पटणारं, आणि बहुधा निर्णयाशी संबंध नसलेलं कारण देईल. नाकारलेल्या माणसाला ते पाठवणं म्हणजे थाप मारणं.

राहिला तुमचा करिअरचा प्रश्न. या कामात बढती उशिरा मिळते, हे आधीच सांगते. नव्या फीचरचं श्रेय तिमाहीत मिळतं, आणि टळलेल्या घोळाचं श्रेय कुणाला देतात का? माझ्या बरोबरीचे ग्रोथमध्ये (ग्राहक वाढवण्याच्या कामात) गेलेले लोक माझ्याआधी दोन पायऱ्या चढले. मला पहिली मोठी जबाबदारी मिळाली ती एका चुकीमुळे. नियमांतल्या एका बदलामुळे पाच दिवस चुकीचे नकार गेले होते आणि बदल माझाच होता. मी त्या सगळ्यांची यादी काढली, कुणाला पुन्हा बोलवायचं ते ठरवलं, आणि संचालकांपुढे स्वतः जाऊन सांगितलं. नोकरी जाईल असं वाटत होतं. सहा महिन्यांनी त्यातल्याच एका संचालकांनी मला नवा विभाग दिला. प्रत्येक कंपनीत असं होत नाही. एका जुन्या कंपनीत मी अशीच गोष्ट सांगितली होती तेव्हा मला गप्प बसायला सांगितलं गेलं आणि मी चार महिन्यांत सोडली. मुलाखतीत म्हणूनच मी समोरच्यांना विचारते, ‘तुमच्याकडे चुकून नाकारलेल्यांना शेवटचं कधी परत बोलावलं?’ उत्तराआधी जी शांतता पडते तिच्यावरून बरंच कळतं.

शिकायचं काय? एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) यायलाच हवं, कारण कुणी गळतंय का हे दुसऱ्याकडून मागवत बसलात तर प्रश्न विचारायची सवयच जाते. मॉडेल बांधता आलं नाही तरी चालेल. कॅलिब्रेशन म्हणजे काय (मॉडेलनं सांगितलेली शक्यता प्रत्यक्षाशी जुळते का), आकडेवारी कुठून आली आणि कुणाची आली नाही, एवढं खडसावून विचारता यावं. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं सारांश न वाचता मूळ वाचा. भाषा रुक्ष असली तरी दोन-तीन महिन्यांत सवय होते. एमबीए करायचं तर ओळखीपाळखीसाठी करा, या कामासाठी गरज नाही.

आणि पुढच्या महिन्यात चार दिवस सुट्टी न टाकता, ऑफिसच्या कामाचा भाग म्हणून मागून घ्या. दोन दिवस कॉल सेंटर, एक दिवस वसुलीवाल्याच्या मागच्या सीटवर, आणि एक दिवस शाखेत, नाकारलेल्या पन्नास फाइली घेऊन. फाइली मंजूर-नामंजूर असा शिक्का झाकून वाचा आणि स्वतःचं मत आधी पेन्सिलीनं लिहा. जिथं तुमचं आणि मशीनचं पटलं नाही त्या अर्जदारांना फोन करायची परवानगी मिळते का बघा. मला पहिल्या खेपेला सात जणांशी बोलायला मिळालं होतं. त्यातले दोघं ऊसवाले होते, आणि एकानं मलाच विचारलं, “मग आता पाडव्याला येऊ का?”